लाइव्ह ॲक्सल की इंडिपेंडंट? एकाच किटच्या दोन गाड्या चालवून आणि उघडून पाहिल्यावर

किट कारमध्ये, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः बांधलेल्या गाडीत, रंग, सीट, चाकं, अगदी इंजिनसुद्धा नंतर बदलता येतं. मागचा ॲक्सल मात्र एकदा ठरला की ठरला. लाइव्ह ॲक्सल म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या दांड्यावर, इंडिपेंडंट म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या जागी सुटं. लाइव्ह ॲक्सलच्या चासीला मागे ट्रेलिंग लिंकचे (ॲक्सलला पुढून धरणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट असतात, इंडिपेंडंटच्या चासीला डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरपेटी) धरणारा पिंजरा आणि विशबोनचे (चाक धरणाऱ्या व्ही आकाराच्या हातांचे) ब्रॅकेट असतात. एकाचं दुसरं करायचं तर चासीचा मागचा भाग कापून नव्याने वेल्ड करावा लागतो. त्यामुळे हा निर्णय ऑर्डर देतानाच पक्का हवा, आणि बहुतेक जण तो ऐकीव माहितीवर घेतात. इंडिपेंडंट म्हणजे आधुनिक, लाइव्ह ॲक्सल म्हणजे ट्रकचं तंत्र, एवढ्यावर विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहिते आहे.

माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे एकाच उत्पादकाच्या, लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या दोन गाड्या आहेत. दोन्हींत फोर्डचं दोन लिटरचं झेटेक इंजिन, साधारण १३० हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स फोर्डचाच टाइप ९. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर सगळं सारखं. फरक फक्त मागे. माझ्या गाडीत फोर्ड एस्कॉर्ट मार्क २ चा लाइव्ह ॲक्सल आहे, चार ट्रेलिंग लिंक आणि एका पॅनहार्ड रॉडने (बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याने) धरलेला. त्याच्या गाडीत फोर्ड सिएराचं डिफरन्शियल चासीला बोल्ट केलेलं आहे आणि दोन्ही बाजूंना डबल विशबोन आहेत. गाड्या शेजारी शेजारी बांधल्या, एकमेकांच्या मनसोक्त चालवल्या, आणि त्याच्या गाडीखाली मीही तितकाच वेळ घालवलाय जितका त्याने माझ्या गाडीखाली.

माझं मत आधीच सांगून टाकते. १३०-१५० हॉर्सपॉवरपर्यंतच्या हलक्या गाडीला, बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर, नीट धरलेला लाइव्ह ॲक्सल पुरून उरतो, आणि मी पुन्हा घेतला तर तोच घेईन. रस्ते उखडलेले असतील, ताकद बरीच जास्त असेल किंवा गाडीतून लांबचे प्रवास करायचे असतील तर इंडिपेंडंट घ्या. यातले ‘नीट धरलेला’ हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ॲक्सल कुठला आहे यापेक्षा तो कशाने आणि कसा धरला आहे यावर गाडीचं वागणं जास्त ठरतं.

रचना थोडक्यात. लाइव्ह ॲक्सलमध्ये एक लांब हाउसिंग, त्याच्या मधोमध क्राऊन-पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी), आत दोन हाफ शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) आणि टोकांना ब्रेक असतात. हे सगळं वजन चाकांबरोबर वर-खाली होतं. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल चासीवर जातं आणि चाकांबरोबर हलणारं वजन उरतं ते हबचं (ज्यावर चाक बसतं त्या भागाचं), ब्रेकचं आणि विशबोनच्या नि ड्राइव्हशाफ्टच्या अर्ध्या भागाचं. दोन्ही चाकं एकमेकांपासून सुटी होतात. लाइव्ह ॲक्सलवर ती तराजूच्या दांडीला बांधल्यासारखी असतात, एक वर गेलं की दुसरं कलणारच.

आता गाडी चालवताना हे कसं जाणवतं ते. सपाट डांबरावर, मध्यम वेगाच्या लांब वळणात, खरं सांगायचं तर माझी गाडी जास्त छान वाटते. गाडी वळणात कलली तरी लाइव्ह ॲक्सल कलत नाही, कारण तो दोन टायरांवर उभा आहे, चासीवर नाही. त्यामुळे मागचे दोन्ही टायर रस्त्यावर पूर्ण रुंदीने सपाट राहतात. ॲक्सिलरेटर जरा दाबला की मागची बाजू हळूहळू बाहेर येते, सोडला की परत येते, आणि हे सगळं दरवेळी तसंच होतं. भाऊ एकदा माझ्या गाडीतून उतरून म्हणाला, “ताई, तुझी गाडी पुढच्या क्षणी काय करणार आहे ते आधीच कळतं.” लाइव्ह ॲक्सलचा याहून नेमका गुण मला सांगता आला नसता.

पण त्याच वळणात डांबराचं एखादं ठिगळ येऊ द्या. माझ्या गाडीत बाहेरचं मागचं चाक ठिगळावर चढतं, अख्खा ॲक्सल तिरका होतो, आतल्या चाकाचा कोन बदलतो आणि मागची बाजू एक छोटं पाऊल बाजूला टाकते. गाडी सुटत नाही, पण हिसका स्टिअरिंगपर्यंत आणि पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. ओळीने तीन-चार उंचवटे असतील तर ती पावलं एकापाठोपाठ पडतात आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप हलका होतो. भावाच्या गाडीत त्याच ठिगळावर ते एक चाक वर जातं, खाली येतं, संपलं. दुसऱ्या चाकाला पत्ताही लागत नाही. तिथे तो माझ्यापेक्षा लवकर ॲक्सिलरेटर दाबू शकतो, आणि वळणातून बाहेर पडताना चांगलाच पुढे निघतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गाडी इतकी हलकी आहे, मग ॲक्सल जड असला तर काय बिघडलं?’ असं सर्रास म्हटलं जातं. हिशोब नेमका उलटा आहे. समजा ५५० किलोच्या गाडीचं निम्मं वजन, म्हणजे २७५ किलो, मागे आहे आणि त्यातलं ९० किलो ॲक्सल, चाकं, ब्रेक यांचं आहे. स्प्रिंगवर उरले १८५ किलो. म्हणजे स्प्रिंगवरचं वजन खालच्या वजनाच्या जेमतेम दुप्पट. आता समजा १,५०० किलोच्या गाडीत मागे ७०० किलो आहेत आणि ॲक्सल वगैरे ११० किलोचं. तिथे हेच प्रमाण पाचपटीहून जास्त. खड्ड्यातून उसळलेल्या ॲक्सलला आवर घालायला वरचं वजन पुरेसं हवं, आणि हलक्या गाडीत ते नसतं. म्हणून खराब रस्त्यावर लाइव्ह ॲक्सलचा त्रास हलक्या गाडीतच जास्त होतो. शॉक ॲब्सॉर्बर चांगले घेतले तर तो कमी होतो, नाहीसा होत नाही. लाइव्ह ॲक्सल घेणाऱ्याने पैसे वाचवायचेच असतील तर ते कुठेही वाचवावेत, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरवर नाही.

दुसरा फरक उभ्या गाडीतून जोरात निघताना कळतो. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, पीळ लाइव्ह ॲक्सलला अख्खा फिरवायला बघतो. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात त्यामुळे डावं मागचं चाक जमिनीवर दाबलं जातं आणि उजव्यावरचा भार कमी होतो. साधं डिफरन्शियल असेल तर उजवं चाक जागच्या जागी फिरतं आणि टायरचा वास येतो. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल आणि इंजिन दोन्ही एकाच चासीला बांधलेले असल्याने हा पीळ चासीतल्या चासीत जिरतो, दोन्ही चाकांवर भार सारखा राहतो. १३० हॉर्सपॉवरला हे ओल्या रस्त्यावर जाणवतं, कोरड्यावर फारसं नाही. २०० च्या पुढे मात्र लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियलशिवाय लाइव्ह ॲक्सल मी घेणार नाही.

आता ॲक्सल कशाने धरला आहे याविषयी, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. ॲक्सलला पुढे-मागे जाऊ न देणं, पिळू न देणं आणि डावीकडे-उजवीकडे सरकू न देणं, ही तीन कामं असतात. जुन्या गाड्यांत तिन्ही कामं पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टाकलेली असायची. जोर लावला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात, आणि मागची चाकं थडथडत उड्या मारतात. लाइव्ह ॲक्सलची बदनामी झाली ती मुख्यतः या पाट्यांमुळे. कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग लिंक आल्या की पहिली दोन कामं लिंक करतात आणि तिसरं पॅनहार्ड रॉड करतो.

पॅनहार्ड रॉडचं एक टोक ॲक्सलवर, दुसरं चासीवर असतं. ॲक्सल वर-खाली होताना हा रॉड वर्तुळाच्या कमानीत फिरतो, म्हणजे ॲक्सलला थोडं बाजूला ओढतोच. किती ओढतो ते रॉड कसा बसवलाय त्यावर आहे. एक मीटर लांबीचा रॉड गाडी आपल्या वजनावर उभी असताना अगदी आडवा असेल, तर चाकं ५० मिलिमीटर वर गेल्यावर ॲक्सल सरकतो सव्वा मिलिमीटर. तोच रॉड १० अंश तिरका बसवला तर तेवढ्याच हालचालीत ८ ते १० मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक उंचवट्यावर गाडीचा मागचा भाग जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला जातो. ज्यांना लाइव्ह ॲक्सलची गाडी ‘मागून पोहते’ असं वाटतं त्यांनी आधी हा रॉड लेव्हल लावून बघावा. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग बदलून उंची कमी केलेली असते आणि रॉडचा ब्रॅकेट जिथल्या तिथेच राहिलेला असतो.

वॅट्स लिंकेज, म्हणजे मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेले दोन आडवे दांडे, हा यावरचा उत्तम उपाय. त्यात ॲक्सल जवळपास सरळ रेषेत वर-खाली होतो. पण सांधे जास्त, वजन जास्त, आणि लहान गाडीत जागा काढावी लागते. पॅनहार्ड रॉड पुरेसा लांब आणि आडवा असेल तर १३० हॉर्सपॉवरच्या गाडीत मला वॅट्सची गरज वाटली नाही. डावीकडे आणि उजवीकडे वळताना गाडी किंचित वेगळी वागते हे खरं, पण ते शोधायला गेलं तरच सापडतं.

बुशांबद्दल, म्हणजे लिंकच्या सांध्यांत बसवलेल्या लवचीक नळकांड्यांबद्दल, एक गोष्ट हात काळे करून शिकावी अशीच आहे. रबरी बुश असलेल्या लिंकचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही शेवटचे आवळू नयेत. त्या वेळी ॲक्सल खाली लोंबत असतो. तसेच आवळले तर गाडी खाली उतरल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात, गाडीची उंची चुकते आणि वर्ष-दोन वर्षांत रबर फाटतं. आम्ही चाकांखाली ठोकळे ठेवतो, सीटवर चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवतो, गाडी दोन-चार वेळा वरून दाबून सोडतो आणि मग खाली सरकून एकेक बोल्ट टॉर्क रेंचने आवळतो. रेंचचा ‘टक’ आवाज आला की त्या बोल्टवर पेंटची रेघ. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला आहे हे पडल्या पडल्या कळतं. इंडिपेंडंटच्या विशबोनच्या रबरी बुशांनाही हाच नियम.

बुश किती कडक घ्यायचे यावर दुकानात नेहमी ‘पॉली घ्या, कडक घ्या’ असं सांगतात. लाइव्ह ॲक्सलच्या लिंकमध्ये मी अतिकडक पॉलीयुरेथेन टाळते. ॲक्सल कलताना लिंकच्या टोकाला थोडा पीळ सोसावा लागतो. बुशने तो सोसला नाही तर ॲक्सल अडतो आणि ती ओढ ब्रॅकेटच्या वेल्डवर येते. पॅनहार्ड रॉडला मात्र कडक जोड चांगला, तिथे ढिलाई नकोच.

आता भावाच्या गाडीखाली येऊ. डबल विशबोनचा मोठा फायदा असा की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोन्ही हवे तसे लावता येतात. मोठा तोटाही हाच, कारण ते लावावेच लागतात. माझ्या ॲक्सलला टो लावणं हा प्रकारच नाही, हाउसिंग सरळ असेल तर चाकं सरळ. त्याच्या गाडीत विशबोनचा सांधा अर्धा फेरा फिरवला की गाडीचा स्वभाव बदलतो. मागच्या चाकांना हलका टो-इन, म्हणजे चाकाची पुढची कड किंचित आत, हवा. पाव अंशाचा फरक १३ इंची रिमवर मोजला तर दीड मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, आणि तेवढाच फरक उलट्या दिशेने, म्हणजे टो-आउटकडे गेला तर गाडी सरळ रस्त्यावरही अस्वस्थ होते. लेन बदलली की मागची बाजू उशिरा आणि झटक्याने येते.

आम्ही टो दोरीने मोजतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, मासेमारीची नायलॉनची दोरी ताणायची. दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर करायच्या, त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने अंतर घ्यायचं. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा घ्यायचं, म्हणजे रिममधला वाकडेपणा हिशोबातून जातो. गाडी पुढे-मागे ढकलून पुन्हा तपासायचं. हे काम दोघांनी करायचं. एकाने पट्टीवरचा आकडा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, आणि दोरीला कोणाचा पाय लागू द्यायचा नाही. अलाइनमेंटच्या दुकानात हे होत नाही असं नाही, पण तिथल्या यंत्रात किट कारचे आकडे नसतात. कोणते आकडे हवेत ते आपणच सांगावे लागतात.

सस्पेन्शन वर-खाली होताना टो बदलतो का, हेही स्प्रिंग काढून, चाक जॅकने थोडं थोडं उचलून तपासायला हवं. चांगल्या किटमध्ये तो जेमतेम बदलतो. काही किटमध्ये विशबोनचे ब्रॅकेट वेल्डिंगच्या सोयीने बसवलेले असतात आणि चाक वर जाताना टो-आउट होतं. अशी गाडी वळणात कलली की बाहेरचं मागचं चाक स्वतःच वळायला लागतं. अशा इंडिपेंडंटपेक्षा साधा लाइव्ह ॲक्सल कितीतरी सुरक्षित, हे मी ठामपणे सांगते.

डिफरन्शियल चासीला कसं बसवलंय तेही खाली वाकून बघाच. इंजिनचा टॉर्क १७० न्यूटन-मीटर धरला, टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५ आणि मागचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे) ३.९२ असेल, तर चाकांकडे जाणारा पीळ सुमारे २,४०० न्यूटन-मीटर होतो. तेवढ्याच जोराने डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. ते धरणारे ब्रॅकेट पातळ पत्र्याचे असले, त्यांना तिरपा आधार नसला, तर वेल्डच्या कडेला तडे जातात. भावाच्या चासीत ते जाड आणि चारही बाजूंनी बांधलेले आहेत, म्हणून मी निर्धास्त आहे. दुसरी बाजू आवाजाची. डिफरन्शियल थेट चासीला बोल्ट केलं की क्राऊन-पिनियनचा सूर सीटच्या मागे सतत ऐकू येतो. माझ्या गाडीत तो बुशांतून गाळून येतो. लांबच्या प्रवासाला इंडिपेंडंट घ्या असं मी वर म्हटलं ते पाठीच्या सुखासाठी. कानांसाठी तुम्हाला डिफरन्शियलखाली रबरी माउंट असलेलं किट शोधावं लागेल.

दुरुस्तीचं म्हणाल तर माझ्या ॲक्सलला दोनच नेहमीची दुखणी. हाफ शाफ्टचं सील झिजलं की तेल ब्रेक ड्रममध्ये उतरतं, आणि क्राऊन-पिनियन कधीतरी जुळवून घ्यावं लागतं. या ॲक्सलमध्ये आतला सगळा गोळा पुढच्या बाजूने एकत्र बाहेर काढता येतो, त्यामुळे ते काम टेबलावर होतं. इंडिपेंडंटमध्ये ड्राइव्हशाफ्टच्या सीव्ही जॉइंटचे बूट (सांध्यावरची रबरी आवरणं) फाटतात, ते दर तेलबदलीला बघायचे. एक बूट फाटला आणि लक्षात आलं नाही तर वाळू आत जाऊन जॉइंट संपतो.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्न आता दोन्हीकडे आहे. एस्कॉर्ट मार्क २ चं उत्पादन १९८० च्या सुमारास थांबलं, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला मूळ ॲक्सल मिळवणं दरवर्षी अवघड होतंय. जुन्या रॅली गाड्यांनाही तोच हवा असतो. सिएरा १९८२ मध्ये आली, तिची डिफरन्शियल तुलनेने सहज मिळतात, आणि नव्या किटमध्ये माझदा एमएक्स-५ चे भाग वापरतात. एमएक्स-५ घेणार असाल तर सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांचं लहान डिफरन्शियल टाळून १.८ चं मोठं घ्या, ते बरंच मजबूत आहे.

भाग निवडताना डिफरन्शियलचं गुणोत्तरही त्याच्याबरोबर येतं, हे कुणी आधी सांगत नाही. १८५/६० च्या १३ इंची टायरचा घेर साधारण १.७३ मीटर. चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये, ३.९२ च्या डिफरन्शियलवर इंजिनच्या दर हजार फेऱ्यांना गाडी ताशी साडेसव्वीस किलोमीटर जाते. ३.१४ वर तेहेतीस. हलक्या गाडीला छोटं गुणोत्तर घेतलं तर ती सुटताना सुस्त वाटते आणि लोक दोष सस्पेन्शनला देतात. सिएराच्या डिफरन्शियलवरची पट्टी वाचा, नाहीतर पिनियन हाताने फिरवून फेरे मोजा, मग घ्या.

मोठ्या नावांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली ती लाइव्ह ॲक्सलवर. दुसऱ्या मालिकेत ॲक्सल धरायला खाली ए आकाराची फ्रेम थेट डिफरन्शियलच्या तळाला जोडली होती. वजनाने आणि किमतीने सुटसुटीत, पण सगळा जोर हाउसिंगवर यायचा, आणि तेल गळण्याची नि हाउसिंग दमण्याची तक्रार या गाड्यांच्या पाचवीला पुजली. ॲक्सल कसा धरला यावर सगळं असतं, ते असं. १९७३ मध्ये हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले, १९८० च्या दशकात त्यांनी डी डिऑन (त्या रचनेबद्दल शेवटी सांगते) आणला, पुढे सीएसआर या मॉडेलमध्ये पूर्ण इंडिपेंडंट दिलं. आणि २०१३ मध्ये ६६० सीसी सुझुकी इंजिनाच्या ८० हॉर्सपॉवरच्या छोट्या सेव्हनला पुन्हा सुझुकीचाच लाइव्ह ॲक्सल बसवला. २०२१ च्या ‘१७०’ या मॉडेलमध्येही तोच मार्ग ठेवला. कमी ताकद, अरुंद टायर, अगदी कमी वजन: तिथे लाइव्ह ॲक्सल आजही शोभतो. वेस्टफील्ड या दुसऱ्या किट कंपनीने उलट केलं. सुरुवात लाइव्ह ॲक्सलवर, मग एसईआय नावाने सिएराचे भाग वापरून इंडिपेंडंट.

‘इंडिपेंडंट’ हा शब्द वाचून लगेच हुरळून जाऊ नका. १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरचं मागचं सस्पेन्शनही इंडिपेंडंटच होतं, पण स्विंग ॲक्सलचं, म्हणजे चाक आणि त्याचा शाफ्ट डिफरन्शियलपाशी एकत्र झुलणारं. वळणात ॲक्सिलरेटर अचानक सोडला की मागची बाजू वर उचलली जायची आणि बाहेरचं चाक गाडीखाली दुमडायचं. १९७० च्या मार्क ४ मध्ये मागची आडवी पाट्याची स्प्रिंग बदलून ते सुधारलं. ट्रायम्फच्याच हेराल्ड आणि स्पिटफायरच्या चासीवर, तसंच फोक्सवॅगन बीटलच्या पायावर ढीगभर किट कार बनल्या. अशी जुनी किट विकत घेत असाल तर मागे स्विंग ॲक्सल आहे का ते पैसे देण्याआधी बघा.

कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नकलांचं, म्हणजे कोब्रा रेप्लिकांचं, गणित निराळं. गाडी जड, व्ही८ इंजिन, टॉर्क भरपूर. युरोपातल्या अनेक रेप्लिकांत जॅग्वारचं १९६१ पासूनचं इंडिपेंडंट सस्पेन्शन दिसतं. त्यात ड्राइव्हशाफ्ट हीच वरची लिंक आणि ब्रेक डिस्क आत, डिफरन्शियलला लागून. दिसायला इतकं देखणं की गाडीखाली आरसा ठेवावासा वाटतो. पण वजन बरंच आहे, ब्रेकची उष्णता डिफरन्शियलच्या सीलला भाजते, आणि डिस्क बदलायची तर बहुतेक वेळा अख्खा पिंजरा खाली काढावा लागतो. अमेरिकेत फॅक्टरी फाइव्ह या किट कंपनीच्या कोब्रा धाटणीच्या रोडस्टरला फोर्ड मस्टँगचा ८.८ इंची लाइव्ह ॲक्सल किंवा मस्टँगचंच इंडिपेंडंट, असे दोन्ही पर्याय असतात. सरळ रेषेत ड्रॅगसाठी गाडी घेणाऱ्याला मी ८.८ चा ॲक्सल सुचवीन: तो जोरदार सुटतानाचे धक्के पचवतो आणि त्याचे भाग सहज मिळतात. रस्त्यावर भटकायला घेणाऱ्याला इंडिपेंडंट. जड गाडीला त्याचं वजन खुपत नाही.

राहिला डी डिऑन. यात डिफरन्शियल चासीवर असतं, पण दोन्ही चाकं एका वाकवलेल्या नळीने जोडलेली असतात. टायर लाइव्ह ॲक्सलसारखे सपाट राहतात, हलणारं वजन मात्र बरंच कमी होतं, आणि प्रोपेलर शाफ्टच्या पिळाने चाकाचा भार हलत नाही. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागतो, तेवढा दोष राहतोच. माझ्या पसंतीचं वागणं आणि भावाच्या गाडीची पकड यांच्या सगळ्यात जवळ जाणारी रचना हीच आहे. तुमच्या किटच्या यादीत ती असेल तर जरूर विचार करा. फक्त नळीच्या टोकांच्या प्लेट, ज्यांवर हब बसतात, त्या यंत्रावर कापून बिनचूक केलेल्या आहेत का ते विचारून घ्या. टो आणि कॅम्बर तिथेच ठरतात, आणि वेल्ड करताना नळी आखडली असेल तर नंतर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालत बसावं लागतं. गाडी ताब्यात घेण्याआधी दोन्ही टोकांची मापं लिहून मागा, आणि घरी आल्यावर तीच मापं दोरी लावून स्वतः पडताळून पाहा.